हंगाम आणि मुदत : वऱ्हाडातील लहान व्यापाऱ्यांच्या कोर्टकज्जांविषयी

कापसाने वऱ्हाडाला जे वैभव दिले आणि जे दैन्य दिले, त्यांचा इतिहास बहुधा शेतकऱ्याच्या अथवा सावकाराच्या अंगाने लिहिला जातो, आणि तो तसा लिहिला जाणे रास्तही आहे. परंतु या दोघांच्या मधोमध, अकोल्याच्या टिळक रोडवर, अमरावतीच्या जवाहर गेटाच्या आत, मूर्तिजापूर, दर्यापूर, अकोट, परतवाडा आणि धामणगाव यांच्या बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या दुकान मांडून बसलेला जो किराणेवाला, कापडवाला, अडत्या, तेलघाणीवाला, डाळगिरणीवाला आणि अलीकडच्या काळात बी-बियाणे व खते विकणारा कृषी केंद्रचालक आहे, त्याच्या वाट्याला आलेल्या कोर्टकज्जांचा स्वतंत्रपणे विचार क्वचितच झालेला आहे. कायद्यावरील मराठी ग्रंथ एक तर वकिलांसाठी असतात, नाही तर परीक्षार्थींसाठी. आणि व्यापारावरील ग्रंथांत कायद्याला शेवटचे एखादे प्रकरण मिळते. दुकानाच्या गादीवर बसलेल्या माणसाला समन्स आल्यावर प्रथम काय वाटते, त्याच्या वहीत त्या वेळी काय असते आणि काय नसते, या जागेवरून विषयाकडे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत पुस्तकात केला आहे.

वऱ्हाडचा व्यापारी कायद्याला नवखा आहे, असे मात्र कोणी समजू नये. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला. पुढे १८६० च्या दशकात एकीकडे अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला चढलेला भाव आणि दुसरीकडे मुंबईहून येऊन पोहोचलेला लोहमार्ग, या दोहोंनी येथील बाजाराचा कायापालट केला. आणि त्यानंतर दोनच दशकांत, देशात इतरत्र ज्याचा मागमूसही नव्हता, अशी गोष्ट येथे घडली. १८८६ साली कारंज्याचा कापूस बाजार हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने नियमबद्ध झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडपुरता कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा होऊन बाजाराचा कारभार समितीच्या हाती आला व दलाल आणि मापारी यांना परवाना घेणे भाग पडले. शेतीविषयक शाही आयोगाने देशभर असे नियंत्रित बाजार उभारावेत, अशी शिफारस १९२८ साली केली, तेव्हा वऱ्हाडात ही पद्धत चाळीस वर्षे जुनी झाली होती. म्हणजे इतर प्रांतांतील व्यापाऱ्याला सरकारची गाठ जकातीच्या नाक्यावरच काय ती पडत असे, तेव्हा वऱ्हाडचा अडत्या आपल्या तराजूवर, आपल्या अडतीच्या दरावर आणि हर्रासाच्या वेळेवर सरकारचे नियम पाळत होता. इतक्या जुन्या परिचयानंतरही येथील लहान व्यापारी कज्जात वारंवार हरतो किंवा जिंकूनही हाती काही उरत नाही, याचे कारण केवळ त्याच्या अज्ञानात शोधणे मला अन्यायाचे वाटते.

माझ्या मते त्याचे खरे कारण असे आहे की, येथील व्यापार एका कालगणनेने चालतो आणि न्यायालय दुसऱ्या. मृगाचा पाऊस पडला की शेतकरी बियाणे, खत, किराणा आणि मुलांचे कपडे उधारीवर उचलतो. सोयाबीन निघाले की थोडे, दसरा-दिवाळीला कापसाची पहिली वेचणी झाली की थोडे, आणि संक्रांतीच्या सुमारास कापूस विकला गेला की उरलेले, असा त्या उधारीच्या परतफेडीचा प्रघात आहे. पावसाने डोळे वटारले किंवा बोंडअळी पडली तर खाते पुढच्या हंगामावर जाते, आणि यात कोणी कोणाचा अपराध केला असे दोघांनाही वाटत नाही. किरकोळ दुकानदाराचा हिशेब असा लांबला की त्याला माल देणाऱ्या ठोक व्यापाऱ्याचाही लांबतो, आणि ठोक व्यापाऱ्याचा लांबला की गिरणीवाल्याचा. व्यवहाराची ही सारी साखळी हंगामावर टांगलेली असते. कायदा मात्र दिवस मोजतो: कोठे पंधरा, कोठे तीस, कोठे पंचेचाळीस, कोठे नव्वद, आणि उधारीच्या बाबतीत तीन वर्षे. पाऊस आला नाही म्हणून त्याचा एकही दिवस थांबत नाही. या दोन गणनांचा मेळ घालण्याचे काम पूर्वी मुनीम किंवा दिवाणजी करीत असे. आज बहुतेक लहान दुकानांत ते कोणीच करीत नाही.

उधारीचा दावा हा या विषयाचा गाभा असल्याने त्याविषयी काहीसे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. विकलेल्या मालाच्या किमतीबद्दलचा दावा १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, हे बहुतेक व्यापाऱ्यांना ऐकून ठाऊक असते. परंतु ही तीन वर्षे केव्हापासून मोजावयाची, येथे पहिला घात होतो. पैसे अमुक दिवशी द्यावयाचे असे ठरलेले असेल, तर त्या दिवसापासून. आणि तसे काही ठरलेले नसेल, तर माल दिला त्या दिवसापासून. ‘कापूस निघाल्यावर देतो’ हा शब्द उभयतांच्या दृष्टीने ठरलेली मुदतच असतो, पण तो कोठे लिहिलेला नसतो. आणि न्यायालयात तो सिद्ध करण्याची वेळ आली म्हणजे प्रतिवादी त्याला नकार देतो आणि घड्याळ जून महिन्यातील माल उचलल्याच्या तारखेवर मागे जाते. लागोपाठ तीन हंगाम बुडाले आणि व्यापाऱ्याने माणुसकीने थांबावयाचे ठरविले, तर चौथ्या हंगामाचा कापूस बाजारात येईपर्यंत त्याचा दाव्याचा हक्क संपलेला असतो. सौजन्य दाखविणाऱ्यालाच त्याच्या सौजन्याचा दंड व्हावा, ही या कायद्याची फलश्रुती कायदा करणाऱ्यांच्या मनात खचितच नसेल. पण ती प्रत्यक्षात तशी आहे.

त्याहून क्लेशकारक गोष्ट अंशतः फेडीची. ऋणकोने मुदतीच्या आत थोडी रक्कम दिली की तीन वर्षे पुन्हा नव्याने सुरू होतात, हा नियम व्यापाऱ्याच्या सोयीचा आहे, आणि त्याच विश्वासावर तो आपल्या खातेवहीत ‘जमा ५०० रुपये’ असे स्वतःच्या हाताने लिहून निश्चिंत होतो. परंतु कायदा म्हणतो की, ती फेड देणाऱ्याच्या हस्ताक्षरात अथवा त्याच्या सहीच्या लेखात दिसली पाहिजे. घेणाऱ्याने स्वतःच्या वहीत केलेली नोंद मुदत वाढविण्यास पुरी पडत नाही. जुने मुनीम वर्षअखेर खातेदाराला बोलावून बाकीखाली त्याची सही किंवा अंगठा घेत असत, ती केवळ दिवाळीची रीत नव्हती. ऋणाची लेखी कबुली मुदतीच्या आत घेतली तर मुदत नव्याने सुरू होते, हा १९०८ च्या मुदत कायद्यातही असलेला आणि आजही कायम असलेला नियम त्यांनी आचारात उतरविला होता. सही घेण्यात खातेदाराचा अविश्वास होतो, अशी समजूत अलीकडे रूढ झाली आणि त्या समजुतीपायी किती पेढ्यांची वसुली बुडाली असेल, याची कल्पनाही करवत नाही. मुदत निघून गेल्यानंतर मात्र नुसती कबुली उपयोगाची नसते. तेव्हा १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे पैसे देण्याचे नवे, स्पष्ट, सहीचे वचनच लागते, आणि ते देणारा ऋणको दुर्मिळ असतो.

वह्यांविषयीही हेच. नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या वह्या पुरावा म्हणून दाखल करता येतात, परंतु केवळ त्यांच्या आधारावर कोणावर देणे लादता येत नाही, असे १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ३४ सांगत असे आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम २८ तेच सांगते. खतावणीला रोजमेळाचा आधार हवा, रोजमेळाला बिलाचा, बिलाला माल पोहोचल्याच्या सहीचा. यंत्रावर हिशेब ठेवणाऱ्या तरुण दुकानदाराची अशी समजूत असते की, यंत्रातील हिशेबाला वहीपेक्षा अधिक वजन आहे. वस्तुतः यंत्रातील नोंद दाखल करण्यासाठी स्वतंत्र प्रमाणपत्राची अट असल्याने त्याच्यावरील जबाबदारी वाढलेलीच आहे.

आता भागीदारीकडे वळू. वऱ्हाडातील दुकाने बहुधा कुटुंबाची असतात. वडील असेपर्यंत एका नावावर चालतात आणि नंतर भावाभावांत इस्टामच्या कागदावर भागीदारीचा लेख होतो. तो लेख कपाटात राहतो, पेढीची नोंदणी मात्र होत नाही, कारण ती केलीच पाहिजे अशी सक्ती कायद्यात नाही. परंतु १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ ने नोंदणी न झालेल्या पेढीला कराराच्या आधारे परक्यावर दावा लावण्याचा हक्कच नाकारला आहे. शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्याला तेवढी सूट आहे, आणि १९३२ साली ती काही अर्थाची असेल, आज ती नाही. ज्याच्याकडून लाखो रुपये येणे आहेत तो प्रतिवादी मालाविषयी, भावाविषयी, बाकीविषयी अवाक्षरही न काढता आपल्या कैफियतीत एवढेच म्हणतो की, वादी पेढी नोंदलेली नाही. दावा लावल्यानंतर नोंदणी केली तरी तो दावा त्याने वाचत नाही; नवा लावावा लागतो, आणि तोपर्यंत मुदत राहिलेली असली तर. शिवाय भावांत बेबनाव झाला, एक निघून गेला आणि दुसरा आत आला, तर तो बदलही निबंधकाकडे नोंदावा लागतो, कारण ज्याचे नाव नोंदवहीत नाही तो भागीदार असतानाही दाव्याला तीच बाधा येते. घराची फूट जगाला दिसू नये म्हणून जो कागद लपविला जातो, तोच पुढे पेढी बुडवितो.

धनादेशाच्या फौजदारी कायद्याने व्यापाऱ्यांना प्रथम मोठा दिलासा दिला. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यात १ एप्रिल १९८९ पासून कलम १३८ आले आणि खात्यात पैसे नसल्याने परत आलेला धनादेश हा अपराध ठरला. येथेही दिवस मोजावे लागतात: बँकेकडून धनादेश परत आल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस (२००२ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत पंधराच दिवसांची होती), नोटीस मिळाल्यापासून पैसे देण्यास पंधरा दिवस, आणि त्यानंतर एक महिन्यात फिर्याद. फिर्यादीस झालेला विलंब सबळ कारण असल्यास न्यायालय माफ करू शकते. नोटिशीचा विलंब माफ होत नाही. ‘पुढच्या सोमवारी टाका, नक्की पास होईल’ या ऋणकोच्या विनवणीवर विसंबून राहणारा व्यापारी नेमका त्याच तीस दिवसांत गाफील असतो.

२०१४ च्या १ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, धनादेश ज्या बँकशाखेवर काढलेला असेल तेथीलच न्यायालयात फिर्याद चालेल. ज्या अपिलांतून हा निर्णय झाला त्यांतील एक आपल्याच वऱ्हाडातले, यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रसच्या न्यायालयात दाखल झालेल्या फिर्यादीचे होते. या निर्णयामागील तर्क शुद्ध होता. आरोपीला दूरच्या गावी खेचून छळण्याचे प्रकार होत होते, हेही खरे. परंतु ज्या लहान व्यापाऱ्याने आपला माल सुरतेला किंवा इंदूरला पाठविला होता, त्याच्या फिर्यादीचे कागद त्याच्या हाती परत आले आणि पाच-दहा हजारांच्या बाकीसाठी परमुलखात वकील देणे त्याला अशक्य झाले. पुढे २०१५ मध्ये संसदेने दुरुस्ती करून, पैसे घेणाऱ्याचे खाते ज्या शाखेत असेल तेथे फिर्याद चालावी, असे ठरविले. मधल्या काळात ज्यांनी कंटाळून वसुली सोडून दिली, त्यांना या दुरुस्तीचा काही उपयोग झाला नाही. उलटपक्षी, धनादेश देणाराही पुष्कळदा लहान व्यापारीच असतो, हे विसरता कामा नये. ठोक व्यापाऱ्याकडे ‘तारणादाखल’ कोरा सहीचा धनादेश ठेवण्याची पद्धत बाजारात सर्रास आहे, आणि आपण रक्कम घातली नव्हती, हे सांगितले की सुटका होते, अशी भाबडी समजूतही तितकीच सर्रास आहे. स्वेच्छेने सही करून दिलेल्या कोऱ्या धनादेशावर दुसऱ्याने रक्कम भरली तरी कायद्याचे गृहीतक सही करणाऱ्याच्या विरुद्धच जाते, असे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे.

दुकानाच्या जागेचा प्रश्न वऱ्हाडात उर्वरित महाराष्ट्राहून निराळ्या वाटेने आला. येथे मुंबईचा भाडेकायदा नव्हता. मध्यप्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा घरभाडे नियंत्रण आदेश होता, आणि त्याप्रमाणे घरमालकाला भाडेकरूस जागा सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी रेंट कंट्रोलरची परवानगी घ्यावी लागे. भाडे थकले आहे, पोटभाडेकरू ठेवला आहे किंवा स्वतःला जागेची खरोखर गरज आहे, हे तेथे साक्षीपुराव्याने दाखवावयाचे, मग अपील, मग नागपूरला उच्च न्यायालयात अर्ज, आणि हे सगळे जिंकल्यावर नोटीस देऊन दिवाणी न्यायालयात दावा पहिल्यापासून सुरू करावयाचा. भाडेकरू दुकानदाराला या दुहेरी तटबंदीने दीर्घकाळ अभय दिले, आणि बाजारपेठेतील कित्येक जुनी दुकाने त्यामुळेच टिकली. पण घरमालक म्हणजे श्रीमंत असे समीकरण वऱ्हाडातील तालुक्याच्या गावी नेहमी जुळत नाही. एखाद्या विधवेची सारी मिळकत म्हणजे रस्त्यावरचा एक गाळा, अशी उदाहरणे थोडी नाहीत. ३१ मार्च २००० पासून सर्व महाराष्ट्राला एकच भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्यात थकबाकीच्या नोटिशीनंतर नव्वद दिवस आणि दाव्याचे समन्स लागल्यानंतर आणखी नव्वद दिवस भाडेकरूला सावरण्यासाठी आहेत, दुसऱ्या खेपेस मात्र व्याज व खर्चासह. आणि करार लेखी व नोंदलेला नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. मालक भाडे घेत नाही म्हणून भाडे देणे थांबवावयाचे, ही भाडेकरूची नेहमीची चूक आहे. जुनी माणसे अशा वेळी मनीऑर्डर करीत आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलेली पावती जपून ठेवीत.

आतापर्यंत जे सांगितले त्यावरून वाचकाचा असा समज होईल की, लहान व्यापाऱ्याचा न्यायालयीन इतिहास म्हणजे केवळ पराभवांची मालिका आहे. तो समज दूर करणे मला अगत्याचे वाटते, कारण कर आणि निर्बंध यांच्या बाबतीत या प्रांतातील व्यापाऱ्यांनी जे दावे लढविले, त्यांनी अवघ्या देशाच्या कायद्याला आकार दिला आहे. मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने १९३८ साली पेट्रोल व वंगणाच्या किरकोळ विक्रीवर कर बसविला, तेव्हा तो प्रांताच्या अधिकारातला आहे की केंद्राच्या, हा प्रश्न नव्याने स्थापन झालेल्या संघ न्यायालयाकडे गेला, आणि प्रांताच्या बाजूने मिळालेल्या त्या अभिप्रायावर पुढील काळातील विक्रीकराची सारी इमारत उभी राहिली. त्या प्रकरणात वाद सरकारांमध्ये होता. स्वतः लहान कारखानदार उभा राहिला तो विडीच्या प्रकरणात. शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून ठरावीक गावांत विड्या वळण्यास बंदी करण्याचा अधिकार याच प्रांताच्या १९४८ च्या एका कायद्याने जिल्हाधिकाऱ्याला दिला होता. सागर जिल्ह्यातील एक विडी कारखानदार आणि एक कामगार या बंदीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ८ नोव्हेंबर १९५० रोजी, म्हणजे राज्यघटना अमलात येऊन वर्षही झाले नव्हते तेव्हा, न्यायालयाने ती बंदी रद्द केली. जे म्हातारे, अपंग किंवा लहान जीव शेतात राबूच शकत नाहीत त्यांचीही भाकरी ही बंदी काढून घेते, मग तिला वाजवी निर्बंध कसे म्हणावे, हा त्या निर्णयाचा आशय होता. धंदा करण्याच्या मूलभूत हक्कावर ‘वाजवी’ निर्बंध कोणता, याची चर्चा निघाली की आजही वकील प्रथम याच निर्णयाकडे जातात.

आणि धामणगावचे प्रकरण तर शब्दशः आपल्या अंगणातले. अमरावती जिल्ह्यातील या रेल्वेच्या गावी जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने होते आणि तेथील नगरपालिका रुईच्या बोजावर व गाठीवर कर घेत असे. धंद्यावरील असा कर एका इसमाकडून वर्षाला किती घ्यावा, यावर १९३५ च्या भारत सरकार कायद्यात पुढे घातलेल्या एका कलमाने पन्नास रुपयांची आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ ने अडीचशे रुपयांची कमाल मर्यादा घातली होती; नगरपालिकेची वसुली तिच्या पलीकडे गेली. भारत कला भांडार या कारखाना चालविणाऱ्या कंपनीने जादा रक्कम परत मिळावी म्हणून दिवाणी दावा लावला. नगरपालिकेचे म्हणणे असे की, करआकारणीविरुद्धची तक्रार कायद्यात सांगितलेल्या मार्गानेच केली पाहिजे, दिवाणी न्यायालयाला तीत पडण्याचा अधिकार नाही. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की, घटनेने जी वसुली निषिद्ध केली आहे ती नगरपालिका कायद्याखाली झालेली आकारणी म्हणताच येत नाही, आणि म्हणून ती परत मागणाऱ्याला दिवाणी न्यायालयाचा दरवाजा खुला आहे. हा बहुमताचा निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर हे अमरावतीचे प्रसिद्ध वकील आणि १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष रघुनाथराव मुधोळकर यांचे चिरंजीव होते, हा योगायोग वऱ्हाडी वाचकाला अभिमानास्पद वाटावा. एक वर्ष आधी, १९६४ मध्ये, खुद्द अमरावती नगरपालिकेने टर्मिनल टॅक्सच्या यादीत नव्या जिनसा घातल्या त्याविरुद्ध येथील व्यापारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन यशस्वी झाले होते. जुना कर चालू ठेवण्याची मुभा म्हणजे तो वाढविण्याची मुभा नव्हे, हे तत्त्व त्यातून निघाले. टर्मिनल टॅक्स गेला, जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५ पासून बहुसंख्य व्यापाऱ्यांपुरता उठला, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. परंतु कर वसूल करणाऱ्याच्या अधिकाराला सीमा असते, हे या मातीतील जिनवाल्यांनी आणि दुकानदारांनी सिद्ध करून दिले, ते कायम आहे.

कृषी केंद्रचालकाची अवस्था मात्र या सर्वांहून बिकट आहे आणि ती मला सर्वांत अधिक अस्वस्थ करते. कंपनीची मोहोरबंद पिशवी तो विकतो; बियाणे उगवले नाही तर शेतकऱ्याचा हंगाम जातो आणि तो ग्राहक आयोगापुढे कंपनी आणि विक्रेता या दोघांविरुद्ध तक्रार करतो. शेतकरी हा ग्राहक आहे आणि त्याला तेथे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये निःसंदिग्ध सांगितले, आणि ते सर्वथा न्याय्य आहे. बियाणे पेरून टाकलेल्या शेतकऱ्याजवळ तपासणीसाठी नमुना शिल्लक नसतो आणि तालुक्याच्या समितीने शेतात येऊन केलेला पंचनामा हाच त्याचा आधार असतो. पण ज्याने पिशवी फोडून पाहणेही अपराध ठरले असते, त्या विक्रेत्याने काय करावे? कीटकनाशकांच्या १९६८ च्या कायद्यात त्याला बचाव आहे: माल परवानाधारकाकडून घेतला, नीट साठविला आणि दोष कळण्यास वाव नव्हता, एवढे दाखविले की तो सुटू शकतो. ग्राहक आयोगापुढेही त्याचे म्हणणे ऐकले जाते, परंतु ते त्याने वेळेत मांडले पाहिजे. लेखी जबाबासाठी तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा, त्यानंतर एकही दिवस नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी ठरविले आहे. कंपनीचा माणूस येतो, ‘आमचा वकील सगळे पाहील’ म्हणतो, नोटिशीची प्रत घेऊन जातो आणि पंचेचाळीस दिवस उलटतात. कंपनीचा जबाब वेळेत गेलेला असतो. विक्रेत्याचा गेलेला नसतो. अशा नोटिशीचे उत्तर विक्रेत्याने स्वतःच्या वकिलाकडून, कंपनीपासून स्वतंत्रपणे द्यावे, आणि बिले, लॉट क्रमांक, साठ्याची नोंदवही त्याबरोबर जोडावी, हे मी या पुस्तकात एकाहून अधिक ठिकाणी लिहिले आहे, आणि ती पुनरुक्ती जाणूनबुजून ठेवली आहे.

ग्राहक संरक्षण कायद्याची दुसरी बाजू दुकानदारांना फारशी ठाऊक नसते. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहक नव्हे, असे कायदा म्हणतो खरा. परंतु स्वयंरोजगाराने केवळ उपजीविका चालविण्यासाठी घेतलेले यंत्र त्या अपवादातून वगळलेले आहे. पिठाची गिरणी, शिलाईयंत्र किंवा झेरॉक्सचे यंत्र घेऊन स्वतः ते चालविणारा माणूस सदोष यंत्राबद्दल स्वतः तक्रारदार होऊ शकतो.

विलंबाने मिळणाऱ्या पैशासाठी २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याने एक धारदार साधन निर्माण केले. पंचेचाळीस दिवसांत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. वाद सुविधा परिषदेपुढे जातो. आणि तिच्या निवाड्याला आव्हान द्यावयाचे तर खरेदीदाराला पंचाहत्तर टक्के रक्कम आधी भरावी लागते. अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतील डाळगिरणीवाल्याला हे साधन मिळते. परंतु तीच डाळ त्याच्याकडून घेऊन त्याच खरेदीदाराला पुरविणाऱ्या ठोक व्यापाऱ्याला ते मिळत नाही, कारण २०२१ साली व्यापाऱ्यांना ‘उद्यम’ नोंदणी खुली झाली ती अग्रक्रमाच्या कर्जापुरतीच. शेतकरी, कामगार, भाडेकरू, ग्राहक यांना कायद्याने दिलेले संरक्षण मला मनापासून मान्य आहे. मोठे भांडवल स्वतःचे संरक्षण करण्यास समर्थ आहे. आणि या दोहोंच्या मध्ये जो आपल्या अंगाखांद्यावर सर्वांची उधारी वाहतो, त्यालाच उत्पादक नाही म्हणून बाहेर ठेवणे, हा भेद मला समर्थनीय वाटत नाही. माल कोणी बनविला यापेक्षा पैसे कोणी अडवून ठेवले, यावर हे कलम उभे राहावयास हवे.

तोपर्यंत जे उपलब्ध आहे त्याकडे लक्ष वेधतो. तीन लाख रुपये वा त्याहून अधिक रकमेचा व्यापारी वाद असेल आणि तातडीच्या हुकुमाची गरज नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निश्चित केले. त्याखालच्या रकमांसाठी, आणि वऱ्हाडातील बहुसंख्य उधारी त्याखालचीच असते, दाखलपूर्व लोकअदालतीचा मार्ग मोकळा आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे तेथे कोर्ट फी लागत नाही, तडजोड झाली की तिला हुकूमनाम्याचे बळ येते आणि तिच्यावर अपील नाही. कारभार मराठीत चालतो, आणि खातेदाराला प्रतिवादी म्हणून उभे करण्याचा जो संकोच व्यापाऱ्याला वाटतो, तोही तेथे पुष्कळ कमी होतो. बँका आणि वीजकंपन्या आपल्या थकबाकीच्या याद्या घेऊन तेथे नेमाने जातात. तालुक्याच्या व्यापारी मंडळांनी संक्रांत आणि अक्षय्य तृतीया यांच्या दरम्यान, म्हणजे कापसाचा पैसा गावात असताना, तिसऱ्या वर्षाला लागलेली सर्व खाती एकत्र करून विधी सेवा समितीकडे नेली, तर हप्ते हंगामाप्रमाणे बांधून घेता येतील आणि त्याच कागदावर ऋणकोची सहीही येईल. पहिल्या प्रकरणाच्या अखेरीस अशा अर्जाचा नमुना आणि त्यासोबत लावावयाच्या कागदांचा तपशील दिला आहे.